मिरचीच्या मडक्यातल्या सिगारेटी

दरवर्षी बजेटच्या दिवशी आमच्या घरी एक ठरलेला प्रकार होतो. टीव्हीवर मंत्री उभे राहून भाषण करतात, खाली अक्षरांची पट्टी पळते आणि नातू ओरडतो, "आजी, सिगारेट महागली!" मग सगळे माझ्याकडे बघून हसतात. घरात कुणी सिगारेट ओढत नाही. हसण्याचं कारण निराळं आहे, आणि ते मी ह्या पोरांना इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी सांगितलंय, की खरं काय झालं होतं ते एकदा लिहूनच ठेवावं म्हणते. तोंडी सांगताना मी स्वतःला जरा शहाणी करून सांगते. लिहिताना तेवढी सूट घेणार नाही.

धुळ्याला आग्रा रोडवर, मोटारस्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर होतं. घर म्हणजे पुढे ओट्यावर पानबिडीचं दुकान, त्याच्यामागे दोन खोल्या आणि मागे परसात एक कडुनिंब. दुकानाच्या खांबाला सुंभाचा जाड दोर टांगलेला असे. त्याचं खालचं टोक दिवसभर धुमसत राही, आणि गिऱ्हाईक बिडी-सिगारेट घेतलं की वाकून त्याच दोरावर पेटवी. काडेपेटीचा खर्च वाचे, आणि वाकलेला माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय सरळ होत नसे. माझं सगळं लहानपण त्या जळक्या सुंभाच्या वासात गेलं. अजूनही कुठे काथ्या जळाला की मला भूक लागते, कारण तो वास आणि आक्काच्या तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीचा वास हे दोन्ही माझ्या नाकात एकाच दाराने शिरलेले आहेत.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. मी दीड वर्षाची असताना आई गेली आणि आक्का सोनगीरजवळच्या आमच्या गावाहून चार लुगडी आणि एक पाटा घेऊन आली, ती कायमची. तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि यावी असं तिला कधी वाटलंही नाही. मामलेदार कचेरीतले भाऊसाहेब असोत की पंजाबी ड्रायव्हर, ती सगळ्यांशी अहिराणीतच बोलायची, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचं. उन्हाळ्यात परसात तिचं राज्य असे. एका बाजूला खाटेवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळताहेत, दुसऱ्या बाजूला मिरच्यांचा लालभडक ढीग, आणि आक्का तोंडाला पदर बांधून मिरच्यांची देठं मोडतेय. वाळलेल्या मिरच्या, काही अख्ख्या आणि काही कांडलेल्या, एका मोठ्या मडक्यात भरून ती माजघराच्या कोपऱ्यात ठेवायची. त्या मडक्यात हात घालायची कुणाची छाती नव्हती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मी ते फार चांगलं लक्षात ठेवलं होतं.

माझे वडील, नाना, स्वतः कधी बिडी ओढत नसत, पान खात नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "मीच ओढली तर तुम्हाला काय विकू?" दुकानात दोन प्रकारचा माल मुख्य. एक बिडी. मागच्या गल्लीतली जुलेखाबी घरी वळायची आणि रोज दुपारी टोपलीत जुड्या घालून आणून द्यायची. नवरा गेलेला, दोन मुली लग्नाच्या. दुपारी सगळं सामसूम झालं की तिच्या ओसरीवरून टेंभुर्णीची पानं कापणाऱ्या कात्रीचा कचकच आवाज आमच्या परसापर्यंत यायचा, आणि आक्का म्हणायची, "जुलेखा जेवनी वाटस." म्हणजे जेवण झालं, कात्री सुरू झाली.

दुसरा माल सिगारेट. त्या गोल पत्र्याच्या डब्यांत येत, डब्यावर पारव्याचं चित्र. जळगावचे छगनभाई नावाचे एजंट दर दुसऱ्या मंगळवारी पारोळ्यावरून येणाऱ्या मोटारीने डबे घेऊन येत. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सिगारेट कमी येऊ लागली. सगळी पलटणीकडे जाते म्हणत. मग छगनभाईंनी एक पद्धत घातली. जितके रिकामे डबे परत द्याल तितकेच भरलेले मिळतील. पत्राही महाग झाला होता, पण खरा मुद्दा वेगळा होता. रिकामा डबा म्हणजे माल खरोखर विकला गेला, कुणी दडवून ठेवला नाही, ह्याचा पुरावा. छगनभाई डबे कधी उघडून बघत नसत. नाना डबे पुढे करत, ते पिशवीत टाकत, आणि तेवढेच भरलेले काढून देत. सगळा कारभार तेवढ्या विश्वासावर चाललेला.

आणि मी. मी तेरा वर्षांची होते, दोन बारीक वेण्या होत्या, आणि त्रैराशिकात माझा हात धरणारी शाळेत दुसरी कुणी नव्हती. मास्तरांनी एकदा वर्गात म्हटलं होतं, "ही मुलगी उद्या दुकान चालवेल." ते बहुधा चेष्टेने म्हणाले असावेत. मी ते प्रशस्तिपत्र समजून गळ्यात घालून फिरत होते.

त्या उन्हाळ्यात नानांना मुदतीचा ताप आला. वैद्य म्हणाले, एकवीस दिवस उठायचं नाही, आणि नंतरही महिनाभर दमानं घ्यायचं. शाळेला सुट्टी होती. आक्काने दुकानावर बसणं शक्य नव्हतं. ती पहिल्याच गिऱ्हाइकाला बिडी ओढतो म्हणून शिव्या घालती. तेव्हा नाना खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले, "यमू, तू बस. भाव तोच ठेव. जास्त बोलू नको." मी मान डोलावली. त्यांच्या तीन सूचनांपैकी मी फक्त पहिली पाळली.

दुकानावर बसल्यावर दोनच दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मला वाटलं जगात आणखी कुणाच्याच लक्षात आलेली नाही. सिगारेट कमी आहे आणि मागणारे तेवढेच आहेत. मग भाव तोच का? पैशाला एक मिळणारी सिगारेट मी दोन पैशांना केली. भाऊसाहेबांनी भुवई वर केली, पण दिले. ड्रायव्हर लोकांनी दिले. मला वाटलं, झालं, आता फक्त चढत जायचं. पुढच्या आठवड्यात तीन पैसे केले. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "यमुनाबाई, अर्धी मिळेल का?" मला यमुनाबाई म्हणणारे ते पहिले गृहस्थ. त्या आनंदात मी सुपारीचा अडकित्ता घेतला, सिगारेट मधोमध कातरली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. दोन्ही टोकांतून तमाखू सांडत होती. ते दोराशी वाकले, पेटवली, दोन झुरक्यांत ती संपली आणि ते सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. आज येतं.

त्यानंतर लोक बिडीकडे वळले. पारव्याच्या डब्याकडे बघायचे, भाव विचारायचे आणि म्हणायचे, "राहू दे पोरी, बिडीच दे." जुलेखाबीची टोपली दुपारी यायची आणि संध्याकाळच्या आत रिकामी. कुठल्याही शहाण्या दुकानदाराने म्हटलं असतं, चला, बिडी तरी खपते. पण मला त्याचा राग आला. बिडी नसती तर ह्या लोकांना सिगारेटच घ्यावी लागली असती, हे माझं त्रैराशिक! म्हणून दुसऱ्या दिवशी जुलेखाबी आली तेव्हा मी गादीवर ताठ बसून म्हणाले, "पंधरा दिवस बिड्या नकोत."

"नानांनी सांगितलं का, बेटा?"

"दुकान मी बघतेय."

तिने माझ्याकडे पाहिलं. टोपलीवरचं फडकं नीट केलं, "ठीक आहे" म्हणाली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या हॉटेलात गेली. तिला घरी दोन मुली होत्या, हे मला माहीत होतं. त्यातल्या धाकटीबरोबर मी सागरगोटे खेळत असे. तरी मी तसं म्हणाले. माणूस स्वतःला हुशार समजायला लागला की किती लवकर निर्दय होतो, हे मला तेराव्या वर्षीच कळायला हवं होतं, पण कळायला त्या वर्षीचा सगळा उन्हाळा लागला.

ह्या सुमारास आणखी एक भर पडली. मी नानांना रोज पेपर वाचून दाखवत असे. त्यात तमाखूवर सरकार कर बसवणार अशी बातमी होती. नाना डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे सगळंच महागणार." त्यांनी ते काळजीने म्हटलं. मला मात्र डोक्यात दिवा लागल्यासारखं झालं. कर बसल्यावर नवा माल महाग येईल. जुना माल ज्याच्याजवळ असेल त्याची चांदी! तेव्हा आत्ता विकायचंच कशाला? ठेवायचं. पण डबे रिकामे दिल्याशिवाय छगनभाई नवा माल देणार नाहीत. ह्या अडचणीवर मला जे उत्तर सुचलं त्याचा मला इतका अभिमान वाटला, की मी एकटीच परसात जाऊन हसले. डबे रिकामे हवेत ना? करू रिकामे! सिगारेटी काढून घ्यायच्या, डबे परत द्यायचे.

सिगारेटी ठेवायच्या कुठे? जिथे कुणी हात घालणार नाही तिथे. आक्का नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी एका जुन्या धोतराच्या फडक्यात चार डब्यांतल्या सिगारेटी बांधल्या, नाक दाबून मिरचीच्या मडक्यात खोल खुपसल्या आणि वरून मिरच्या सारख्या केल्या. नंतर तासभर माझे हात, डोळे आणि ओठ पेटले होते. आक्का आल्यावर म्हणाली, "काय वं, तोंड कसाले लाल शे?" मी म्हटलं, "ऊन लागलं." ती म्हणाली, "तोंड धोई ले, जेवाले बठ." आणि मला डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी वाढली. ती गरम कढी त्या ओठांवर कशी लागली ते मी सांगत नाही. पण ओरडता येत नव्हतं, म्हणून मी दोनदा मागून घेतली.

मंगळवारी छगनभाई आले. मी गेल्या खेपेचे आठही डबे पुढे केले, चार खरोखर विकलेले आणि चार मडक्यात गेलेले. छगनभाई खूश झाले. "वाह! नानाभाऊ खाटेवर, अने दुकान बरोबर चालू! पोरगी हुशार आहे." त्यांनी आठाऐवजी दहा डबे दिले. वरचे दोन कुठून आले असं मी विचारलं तर म्हणाले, "पारोळ्याच्या दुकानदाराचे कमी केले. तो रिकामे डबे पुरे देत नाही." मला त्या पारोळ्याच्या माणसाची जरासुद्धा आठवण झाली नाही. मी दहा डबे मांडून बघत बसले.

बघतच बसले, कारण गिऱ्हाईक येत नव्हतं. जुलेखाबीच्या बिड्या आता समोरच्या हॉटेलात मिळत होत्या, आणि आमचा सगळा रोजचा राबता रस्ता ओलांडून तिकडे गेला होता. माझा नातू कॉलेजात अर्थशास्त्र शिकला. त्याने एकदा मला वहीत एक उतरती रेघ काढून दाखवली, भाव वर गेला की मागणी अशी खाली येते म्हणून. मी म्हटलं, बाबा, ही रेघ मी आग्रा रोडवर माणसांच्या पायांनी काढलेली आहे. आमच्या ओट्यापासून सुरू व्हायची आणि थेट समोरच्या बाकड्यावर जाऊन टेकायची.

मग कर खरोखर बसला. बाजारात एकच ओरड. समोरच्या हॉटेलवाल्यानेही बिडीची जुडी महाग केली. मला वाटलं, आला आपला दिवस! आक्का परसात होती. मी मडक्यातून गाठोडं काढलं, झटकलं, मावतील तेवढ्या सिगारेटी नुकत्याच रिकाम्या झालेल्या एका पारव्याच्या डब्यात नीट लावल्या आणि ओट्यावर बसले. नशिबाने, किंवा माझ्या कर्माने, पहिले भाऊसाहेबच आले. कचेरीतून चिडून आलेले दिसत होते. त्यांनी पैसे टाकले, अख्खी सिगारेट घेतली, दोराशी वाकले आणि एक मोठा झुरका मारला.

असा खोकला मी जन्मात ऐकला नव्हता. ते वाकलेले होते ते वाकलेलेच राहिले. डोळ्यांतून, नाकातून पाणी. स्टँडवरचे हमाल धावले. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीत बुक्के मारले. एका ड्रायव्हरने खाली पडलेली सिगारेट उचलली, हुंगली आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, ही तर आपली खान्देशी सिगारेट शे! हिच्याबरोबर भाकर लागस!" सगळा स्टँड हसला. भाऊसाहेबांना हसता येत नव्हतं, पण त्यांनी हात हलवून मी मेलो नाही अशी खूण केली. आणि त्या गलक्यात मागचं दार उघडून नाना बाहेर आले. अंगात बंडी, हातात काठी, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा उठलेले.

त्यांनी मला काही विचारलं नाही. डब्यातली एक सिगारेट घेतली, दोरावर पेटवली आणि स्वतः ओढली. ज्या माणसाने आयुष्यात धूर घेतला नव्हता त्याने तो तिखट धूर घेतला, कारण आपल्या दुकानातून काय दिलं गेलं ते त्याला कळायला हवं होतं. खोकून खोकून ते ओट्यावरच बसले. आक्का धावत आली. "नाना, मराना शे का तू!" तिने सिगारेट हिसकावली, हुंगली, आणि सावकाश माझ्याकडे वळली. आपली मिरची तिला लांबून ओळखू येई.

"मन्ही मिरची!" ती म्हणाली. एवढंच. पण त्या दोन शब्दांत तिने माझा जो निकाल लावला त्यावर अपील नव्हतं.

घरात गेल्यावर मी सगळं सांगितलं. मडकं, डबे, छगनभाई, पारोळ्याचे दोन डबे, जुलेखाबी. नाना भिंतीला टेकून ऐकत होते. मिरचीचं ऐकून त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण डब्यांचं ऐकलं तेव्हा ते उठून सरळ बसले.

"रिकामे करून दिलेस?"

"हो."

"आणि त्या पारोळ्याच्या माणसाचा माल आपल्याकडे आला?"

मी मान खाली घातली. रडणं हा माझा राखून ठेवलेला उपाय होता, तो मी काढला. नाना थांबले, मला पोटभर रडू दिलं आणि मग म्हणाले, "मंगळवारी छगनभाई येतील. तूच सांग त्यांना. मी शेजारी बसेन."

"ते माल बंद करतील."

"करतील बहुतेक."

"मग दुकान?"

"ते नंतर बघू. तू सांगशील का, एवढंच विचारतोय."

ते चार दिवस मी डबे पुसून पुन्हा पुन्हा ओळीने मांडत राहिले. आक्काने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, उलट रोज ताटात तुपाची धार सोडली, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली. मला कळत होतं की दुकान गेलं तर नानांना ह्या आजारी अंगाने पुन्हा गावी जाऊन भावांच्या शेतात राबावं लागेल. हे मी माझ्या हुशारीने घडवून आणलं होतं.

मंगळवारी छगनभाई आले. ओट्यावर दोघे-तिघे ओळखीचे होते, भाऊसाहेबही होते. मला वाटलं नाना त्यांना जायला सांगतील. नाही सांगितलं. मी उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. छगनभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारी दोर धुमसत होता.

"नानाभाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या डब्यात मी कधी बोट घालून पाहिलं नाही. आता पाहावं लागेल."

"पाहा," नाना म्हणाले.

आणि छगनभाईंनी एकेक डबा उचलून, झाकण काढून, आत बोट फिरवून पाहिलं. सगळ्यांसमोर. नाना तिथे बसून बघत होते. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, सासरची तर वेगळ्याच चवीची, पण त्या बोटाइतकं मला काही लागलं नाही. छगनभाईंनी माल बंद केला नाही. चार डबे आमच्याकडे राहू दिले. बाकीचे, पारोळ्याच्या दोनासह, पारोळ्याला पाठवतो म्हणाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस, बेन. पण बोट आता घालावंच लागणार." त्यांचं बरोबर होतं.

चार डब्यांवर दुकान चालत नसतं. चालायचं तर बिडी हवी, आणि बिडी समोर गेली होती. नाना म्हणाले, "मी येत नाही. तू बंद केलीस, तू जा." मी जुलेखाबीच्या ओसरीवर गेले. ती मांडीवर सूप घेऊन बसली होती. हात चालू होते. पान, चिमूट, वळण, दोरा. मी उभीच राहिले.

"बस," ती म्हणाली. "उभ्या माणसाची सावली पानांवर पडते."

मी बसले. माफी कशी मागायची ते मी वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, "नानांचं दुकान बंद पडेल."

"माझी चूल बंद पडत होती तेव्हा तू काय केलंस?"

ती वळत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "समोरचा हॉटेलवाला मला म्हणाला, कर बसलाय, तमाखू महाग झाली. पान तेच ठेव, तमाखू कमी घाल, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, ओढणाऱ्याला कळतं. तो म्हणाला, मग भाव कमी घे." तिने दोरा दातांनी तोडला. "मागे पानं महागली होती तेव्हा तुझ्या बापाने माझ्या हाताला एक पैसा कमी केला नाही. म्हणून येते. तुझ्यासाठी नाही, समजलं?"

"समजलं."

"आणि सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी इथे बसून बिड्या वळायच्या. बंद म्हणायला एक शब्द लागतो. वळायला काय लागतं ते बघ."

मी बसले. दोन दिवसांत बोटं सोलली, तमाखूने डोकं गरगरलं. तिची धाकटी मुलगी माझ्या बिड्या बघून तोंडावर ओढणी धरून हसायची. जुलेखाबीची बिडी कशी, सडसडीत, एकसारखी. माझी म्हणजे पोटात काहीतरी अडकलेल्या किड्यासारखी. त्यातल्या बऱ्याचशा ती पुन्हा उकलून ठेवायची. कराचं ओझं तिने, नानांनी आणि गिऱ्हाइकांनी वाटून घ्यायचं ठरलं. जुडीचा भाव थोडा वाढला, नानांनी आपला नफा थोडा सोडला, तिने आपली मजुरी थोडी. हे सगळं माझ्यासमोर ओसरीवर बसून बोललं गेलं, आणि मला कुणी काही विचारलं नाही. पण मला उठवलंही नाही.

आज मला तमाखूचं कौतुक नाही. त्या ओट्यावर वाकणारे किती जण पुढे खोकत गेले ते मला माहीत आहे, आणि जुलेखाबीचा दमा तर मी डोळ्यांनी पाहिला. माझ्या मुलांना मी त्या वाटेला जाऊ दिलं नाही. पण ज्यांनी मला त्या धुरातून माणसात आणलं त्यांचं ऋण तेवढ्याने कमी होत नाही.

नानांनी मला पुन्हा दुकानावर बसवलं तो दिवस शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातला. नाना शेजारी पडून होते, डोळे मिटून. समोरच्या बाकड्यावर अजून चार-पाच ओळखीचे चहा पीत बसलेले. त्यांतून भाऊसाहेब उठले, रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "यमुनाबाई, बिडी आहे?" मी जुडी सोडून एक दिली. देता देता माझ्या लक्षात आलं की ही माझ्या हातची आहे, उकलायची राहून गेलेली. मी ती परत घ्यायला हात पुढे केला. तोवर ते दोराशी वाकले होते. एक झुरका झाला आणि बिडी पानासकट उलगडली, तमाखू त्यांच्या चपलेवर सांडली.

"ही माझी आहे," मी म्हटलं. "थांबा, दुसरी देते."

भाऊसाहेबांनी त्या उलगडलेल्या पानाकडे पाहिलं. मग ओट्यावर टेकले, उरलेली तमाखू पानात नीट गोळा केली, पान पुन्हा वळलं, दोरा काढून नव्याने बांधला आणि ती वाकडी बिडी पुन्हा पेटवली. शेवटपर्यंत ओढली. मग पैसे ठेवले, पूर्ण, आणि समोरच्या बाकड्याकडे वळून हाक मारली, "या रे इकडे. दुकान उघडलंय."